वैद्यकीय संशोधन शोधताना एआय: सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान एमडी-एमएसचा थिसिस लिहिणारे रेसिडेंट, नर्सिंग आणि फार्मसीचे विद्यार्थी, दवाखाना सांभाळून एखादा पेपर लिहू पाहणारे डॉक्टर आणि घरच्या आजारपणामुळे रात्री मोबाइलवर वाचत बसणारे लोक यांच्यासाठी आहे. प्रश्न त्यांचेच आहेत, उत्तरं वैद्यकीय ग्रंथालयात बसणाऱ्या माणसाची. बहुतेक उत्तरांच्या मुळाशी एकच सल्ला सापडेल: एआयकडे पेपर मागा, निकाल मागू नका.

पबमेड फुकट आहे, चांगलं चालतं. मग एआय हवंच कशाला?

पबमेड या वैद्यकीय लेखांच्या संग्रहात आज साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. १९९६ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने ते सुरू केलं, तेव्हा योग्य शब्द टाकले की काम भागायचं. आता "डायबेटिस" टाकलं की लाखोंनी निकाल येतात आणि माणूस पहिल्या दोन पानांवर थांबतो.

एआय बाहेरून येऊन पबमेडशेजारी उभं राहिलंय, असंही नाही. पबमेडमध्ये निकाल ज्या "बेस्ट मॅच" क्रमाने दिसतात तो गेली काही वर्षं मशीन लर्निंगने ठरतो. प्रत्येक लेखाला मेश या ठरावीक शब्दसूचीतले विषय जोडण्याचं काम पूर्वी माणसं लेख वाचून करायची, २०२२ पासून ते प्रामुख्याने संगणक करतो. त्यामुळे "मी एआय अजिबात वापरत नाही, फक्त पबमेड वापरतो" असं म्हणणारे सरसुद्धा ते वापरत असतात.

नव्या साधनांत भर पडली ती वाक्याच्या अर्थावरून शोधण्याची. तुमचा प्रश्न आणि लेखाचा सारांश या दोन्हींचं रूपांतर आकड्यांच्या लांबलचक ओळींत होतं आणि ज्या ओळी एकमेकींच्या जवळ पडतात ते लेख वर येतात. शब्द वेगळे असले तरी आशय जुळला की लेख सापडतो. नव्या विषयात शिरताना याचा फार फायदा होतो, कारण त्या विषयात कोणते शब्द चालतात हेच आपल्याला माहीत नसतं.

चॅटबॉट आणि एआय शोधसाधन यांत फरक काय?

साधा चॅटबॉट शिकताना जे वाचलं त्याच्या आधारे पुढचा शब्द कोणता असावा याचा अंदाज बांधत उत्तर तयार करतो. शोधसाधन आधी एखाद्या खऱ्या संग्रहात शोधतं, लेख काढतं आणि मग त्या लेखांवरून उत्तर लिहितं. एलिसिट आणि कन्सेन्सस ही दुसऱ्या प्रकारातली नावं आहेत. ॲलन इन्स्टिट्यूटचं सिमँटिक स्कॉलर २०१५ पासून आहे आणि फुकट आहे. अलीकडे चॅटबॉटही इंटरनेट शोधून उत्तर देतात, त्यामुळे ही सीमारेषा पुसट झालीय. समोरचं साधन कोणत्या प्रकारचं आहे ते ओळखायची खूण अशी: प्रत्येक विधानाखाली दुवा आहे का, आणि तो उघडल्यावर खरोखर तोच लेख येतो का? येत नसेल तर समोर चॅटबॉट आहे असंच धरून चाला.

चॅटबॉटने दिलेले संदर्भ खरे असतात का?

थिसिसच्या हंगामात हा प्रश्न रोज येतो. २०२३ मध्ये क्युरियस या नियतकालिकात एक तपासणी प्रसिद्ध झाली. त्या वेळच्या चॅटजीपीटीकडून वैद्यकीय विषयांवर छोटे लेख लिहून घेतले आणि त्यांतले ११५ संदर्भ तपासले. ४७ टक्के संदर्भ अस्तित्वातच नव्हते. ४६ टक्के लेख खरे होते, पण तपशिलात चुका होत्या. खरे आणि अचूक निघाले फक्त ७ टक्के. पुढच्या आवृत्त्या सुधारल्या आहेत, चूक मात्र त्याच जातीची राहिली आहे.

सात रस्त्याला पत्ता विचारला की माहीत नसतानाही हात दाखवून मोकळा होणारा माणूस भेटतो, तसा हा प्रकार. "माहीत नाही" म्हणणं त्याच्या स्वभावात कमी. बनावट संदर्भ ओळखणं अवघड जातं, कारण लेखकाचं नाव त्या क्षेत्रातलं खरं असतं, नियतकालिक खरं असतं, वर्ष पटण्याजोगं असतं. फक्त तो लेख कोणी लिहिलेलाच नसतो.

तपासायला एक मिनिट लागतं. शीर्षक जसंच्या तसं पबमेडमध्ये टाका. नाही सापडलं तर डीओआय क्रमांक, म्हणजे लेखाचा ऑनलाइन ओळख-क्रमांक, उघडून पाहा. बनावट संदर्भाचा डीओआय पुष्कळदा उघडतो, पण भलत्याच लेखावर नेतो. म्हणून क्रमांक चालला एवढ्यावर समाधान मानू नका, उघडलेल्या पानावरचं शीर्षक जुळवा. एक आडाखा सांगतो: संदर्भयादीतला एक संदर्भ बनावट निघाला की ती यादी तिथेच सोडून नव्याने शोधायला बसावं. उरलेले दुरुस्त करण्यात जास्त वेळ जातो.

माझा विषय सोलापूरच्या विडी कामगार बायकांचा आहे. एआय मला सगळं विडी ओढण्याबद्दलच दाखवतं. काय चुकतंय?

तुमचं काही चुकत नाहीये. विडीवरचं बहुतांश संशोधन विडी ओढणाऱ्यांवर आहे: तोंडाचा कर्करोग, फुप्फुसांचे आजार, हृदयविकार. विड्या वळणाऱ्या, घरी जर्दा आणि तेंदूपत्ता घेऊन बसणाऱ्या बायकांवरचं संशोधन त्या मानाने थोडं. अर्थ जुळवणाऱ्या साधनाला दोन्ही गोष्टी जवळजवळ सारख्याच वाटतात आणि मोठा ढीग छोट्या ढिगाला झाकून टाकतो. याहून वाईट म्हणजे काही वेळा उत्तर दोघांची सरमिसळ करतं. ओढणाऱ्यांमधला धोका वळणाऱ्यांच्या नावावर जातो आणि वाक्य इतकं सफाईदार असतं की गाइडच्याही नजरेतून सुटतं.

इलाज असा. प्रश्नातच सांगा: या स्त्रिया विडी ओढत नाहीत, त्यांचा तंबाखूशी संबंध कामातून, धुळीतून आणि हाताच्या त्वचेतून येतो. मग आलेल्या लेखांतून खरोखर वळणाऱ्यांवरचे चार-पाच निवडा आणि "असेच आणखी दाखव" असं सांगा. या लेखांनी कोणाचे संदर्भ घेतलेत आणि यांचे संदर्भ पुढे कोणी घेतलेत, हे दोन्ही बाजूंनी पाहा. छोट्या विषयात ही जुनी पद्धत कोणत्याही हुशार साधनाइतकीच कामाला येते.

त्यानंतर पबमेडमध्ये हाताने शोधाच. इंग्रजीत विडीची स्पेलिंगं एकाहून जास्त आहेत: बी-आय-डी-आय, बी-डबल ई-डी-आय, बी-आय-आर-आय. तिन्ही "ऑर" लावून टाका. त्यांना वर्कर, रोलर, ऑक्युपेशनल हे शब्द "अँड"ने जोडा. एआय ही स्पेलिंगं बहुधा ओळखतं, पण ओळखलं की नाही हे तुम्हाला दिसत नाही. हाताने लिहिलेला शोध समोर दिसतो आणि परीक्षकाला दाखवता येतो.

यंत्रमागांवर काम करणाऱ्यांनाही हीच गोष्ट लागू. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसवरचं पुष्कळ जुनं संशोधन सूतगिरण्यांतलं आहे, ब्लो रूम आणि कार्डिंगमधलं, जिथे धूळ सर्वांत जास्त. आपल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या मागांच्या शेडमध्ये विणकाम चालतं. तिथे धुळीचं प्रमाण वेगळं, आणि खटखटाटामुळे कानांवर होणारा परिणाम मोठा. एआय "टेक्स्टाइल वर्कर" या एकाच नावाखाली दोघांना घालतं. म्हणून प्रत्येक पेपरची मेथड्स (अभ्यास कसा केला तो भाग) उघडून कारखान्यात नेमकं काय चालतं ते पाहा. मेशमध्ये बिसिनोसिसला आणि आवाजाने येणाऱ्या बहिरेपणाला वेगवेगळे शब्द आहेत, ते दोन शोध वेगळेच चालवा.

जुने लेख एआयला सापडतात का?

अर्धवट. जुन्या लेखांचा पुष्कळदा सारांशच उपलब्ध नसतो, नुसतं शीर्षक असतं. त्यामुळे अर्थ जुळवायला काही उरत नाही. शिवाय नावं बदलतात. महाराष्ट्रातल्या लाल विंचवाचंच घ्या. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवणारं काम केलं आणि ते जगभर वाचलं गेलं. त्या विंचवाचं शास्त्रीय नाव जुन्या लेखांत ब्युथस टॅम्युलस, पुढे मेसोब्युथस टॅम्युलस, आता हॉटेंटोटा टॅम्युलस. फक्त आजचं नाव टाकून शोधलंत तर मूळ कामच हातून निसटेल. करमाळा-मंगळवेढ्याकडच्या विंचूदंशाच्या केसेस लिहिणाऱ्यांनी तिन्ही नावं टाकावीत.

साधन पूर्ण लेख वाचतं की फक्त सारांश?

बहुतेक वेळा सारांश. पूर्ण लेख पैशांच्या कुंपणाआड असेल तर साधनालाही तो दिसत नाही, मात्र उत्तर देताना ते हे ठळकपणे सांगेलच असं नाही. सारांशात लेखकाने आपली चांगली बाजू मांडलेली असते. किती रुग्ण मध्येच सुटले, कोणता निष्कर्ष आधी ठरलेला होता आणि कोणता नंतर सुचला, दुष्परिणाम किती, हे आतल्या तक्त्यांत असतं.

पूर्ण लेख मिळवायचे मार्ग आता बरे आहेत. पबमेड सेंट्रलवर लाखो लेख फुकट आहेत. केंद्र सरकारची "वन नेशन वन सबस्क्रिप्शन" योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. ३ वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्चशिक्षण संस्थांना तिचा लाभ आहे. म्हणजे आपल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थांच्या विद्यार्थ्यांनी आधी आपल्या ग्रंथालयात लॉगिनची चौकशी करावी, मग क्रेडिट कार्ड काढावं. खासगी महाविद्यालयं पहिल्या टप्प्यात नाहीत. त्यांनी पत्रव्यवहारासाठी दिलेल्या लेखकाच्या ईमेलवर दोन ओळी लिहून लेख मागावा. लेखक आनंदाने पाठवतात, आपला लेख कोणी मागितला याचं त्यांना कौतुकच असतं.

सिस्टिमॅटिक रिव्ह्यूमध्ये तीन हजार सारांश चाळायचे आहेत. एआयवर सोपवू का?

सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणजे एका प्रश्नावरचं सगळं संशोधन ठरलेल्या पद्धतीने गोळा करून तपासणं. त्यातल्या चाळणीसाठी एआय सर्वांत भरवशाचं आहे, पण ते चॅटबॉटच्या रूपात नव्हे. रय्यान आणि ॲसरिव्ह्यू ही यासाठीची साधनं. ॲसरिव्ह्यू नेदरलँड्सच्या उट्रेक्ट विद्यापीठातून आलेलं, मुक्त स्रोत असलेलं, आपल्याच संगणकावर चालणारं. तुम्ही काही सारांशांना "हवा" किंवा "नको" म्हणता, साधन त्यावरून शिकतं आणि हवे असण्याची शक्यता जास्त असलेले लेख वर आणतं. प्रत्येक निर्णयागणिक क्रम बदलत जातो. कामाचे बहुतेक लेख लवकर समोर येतात आणि शेवटी नकोनकोची रांग लागते.

खरी अडचण थांबायचं कुठे याची. "लागोपाठ इतके नको आले की थांबू" असा नियम लोक ठरवतात. तो चाळणी सुरू होण्याआधी लिहून ठेवा, कंटाळा आल्यावर नाही. प्रॉस्पेरो या रिव्ह्यूंच्या नोंदवहीत नोंद करताना प्रोटोकॉलमध्येच तो घाला. आणि साधन हे दुसऱ्या परीक्षकाच्या जागी बसवू नका. दोन माणसांनी स्वतंत्रपणे चाळायचं आणि मतभेद तिसऱ्याने सोडवायचा ही पद्धत उगीच पडलेली नाही. रिव्ह्यू कसा मांडायचा ते सांगणाऱ्या प्रिझ्मा २०२० च्या आकृतीत स्वयंचलित साधनाने किती नोंदी वगळल्या यासाठी जागा आहे, ती भरा.

तीन हजार हा आकडा तसा मोठा नाही. दोघा रेसिडेंटनी मिळून आठवडाभरात चाळता येतात, आणि चाळता चाळता विषय अंगात मुरतो. तीस हजार असतील तर साधन घ्या.

पेपरमधले आकडे काढून तक्ता बनवायला सांगितलं तर?

सांगा, पण प्रत्येक आकडा मूळ पीडीएफशी ताडून पाहा. ठरावीक चुका होतात. ऑड्स रेशो आणि रिस्क रेशो यांची अदलाबदल. दोन गटांचे स्तंभ उलटे. उपगटाचा आकडा संपूर्ण अभ्यासाचा म्हणून. मिलिग्रॅमच्या जागी मायक्रोग्रॅम. "फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता" याचं "किंचित घट दिसली" होतं, ते सर्वांत फसवं.

सापेक्ष आणि निव्वळ घट यांचंही पाहा. शंभरात दोघांना होणारा त्रास एकावर आला तर सापेक्ष घट ५० टक्के आणि निव्वळ घट १ टक्का. दोन्ही आकडे खरे आहेत. साधन बहुधा पहिला उचलतं, कारण पेपरच्या सारांशात तोच असतो.

एक युक्ती चालते: आकड्यासोबत तो ज्या वाक्यातून किंवा तक्त्यातून घेतला ते वाक्य जसंच्या तसं द्यायला सांगा. मग ते वाक्य पीडीएफमध्ये शोधा. सापडलं नाही तर आकडाही टाकून द्या.

मागे घेतलेले पेपर एआय ओळखतं का?

त्यावर विसंबू नका. मॉडेल शिकलं त्या वेळी पेपर जिवंत असेल आणि नंतर मागे घेतला असेल तर त्याला कळणार कसं? लसीचा स्वमग्नतेशी संबंध जोडणारा लॅन्सेटमधला लेख १९९८ चा, मागे घेतला २०१० मध्ये. मधल्या १२ वर्षांत त्याचे संदर्भ सगळीकडे पसरले होते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा, सर्जिस्फिअर कंपनीच्या विदेवर (डेटावर) उभा असलेला लॅन्सेटमधलाच लेख मे २०२० मध्ये आला आणि जूनमध्ये मागे घेतला गेला. हे दोन्ही गाजलेले म्हणून मॉडेलला ठाऊक असतात. अडचण न गाजलेल्यांची आहे. मागे घेतलेल्या लेखांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचचा संग्रह २०२३ पासून डीओआय क्रमांक देणाऱ्या क्रॉसरेफकडे आहे आणि खुला आहे, झोटेरोसारखी संदर्भ-साधनं त्यावरून इशारा देतात. अंतिम यादी एकदा तरी त्यातून काढा.

एआय वाचून वाचून नवीन शोध लावू शकतं का?

हे स्वप्न आजचं नाही. शिकागो विद्यापीठातले डॉन स्वॅन्सन हे माहितीशास्त्राचे अभ्यासक, डॉक्टर नव्हेत. १९८६ मध्ये त्यांनी लेखांचे दोन ढीग शेजारी ठेवले. एका ढिगात होतं की माशाच्या तेलाने रक्ताचा घट्टपणा आणि बिंबिका (प्लेटलेट्स) एकत्र चिकटण्याची प्रवृत्ती कमी होते. दुसऱ्यात होतं की रेनॉड या आजारात, ज्यात थंडीने बोटं पांढरी-निळी पडतात, रक्ताचा घट्टपणा वाढलेला असतो. दोन्ही ढिगांतले लोक एकमेकांचे लेख वाचत नव्हते. स्वॅन्सननी सुचवलं की माशाचं तेल रेनॉडमध्ये उपयोगी पडू शकेल. पुढे एका छोट्या वैद्यकीय चाचणीत त्याला दुजोरा मिळाला. १९८८ मध्ये त्यांनी मॅग्नेशियमची कमतरता आणि मायग्रेन यांच्यातले धागे याच पद्धतीने जुळवले.

आजची साधनं हेच अफाट वेगाने करू शकतात. पण स्वॅन्सनच्या पद्धतीतून निघते ती शक्यता, तिला तपासायला रुग्णांवरची चाचणीच लागते. "हे दोन विषय कोणी जोडलेत का?" हा प्रश्न एआयला विचारण्याजोगा आहे. थिसिसचा विषय शोधताना तो जरूर विचारा, वॉर्डात औषध लिहिताना नाही.

मराठीत विचारलं तर चालतं का?

समजून घ्यायला चालतं, शोधायला कमी. संशोधन जवळजवळ सगळं इंग्रजीत आहे आणि साधन तुमचा प्रश्न मनातल्या मनात भाषांतरित करतं. "झटका आला" याचा अर्थ फिट, हार्ट अटॅक की अर्धांगवायू, हे त्याने परस्पर ठरवलं तर लेखही त्याच दिशेचे येणार. शोध इंग्रजी वैद्यकीय शब्दांत करा आणि सापडलेला पेपर मराठीत समजावून मागा. रुग्णांसाठीची माहितीपत्रकं आणि संमतिपत्रं भाषांतरित करताना मात्र माणसाने तपासलंच पाहिजे. आपल्याकडे तेलुगू आणि कन्नडही लागतात, तिथे तर तपासणारा त्या भाषेचा हवा.

थिसिसमध्ये किंवा पेपरमध्ये एआय वापरल्याचं सांगावं लागतं का?

हो. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२३ मध्येच स्पष्ट केलं की एआय लेखक होऊ शकत नाही, कारण ते मजकुराची जबाबदारी घेऊ शकत नाही. वापर केला असेल तर कशासाठी ते लिहायचं. मेथड्समध्ये एक साधं वाक्य पुरतं: कोणतं साधन, कोणती आवृत्ती, कोणत्या कामासाठी. विद्यापीठाचे आणि तुमच्या विभागाचे नियम गाइडना विचारा. व्हायव्हात "हा संदर्भ तुम्ही वाचलाय का?" हा प्रश्न येतोच, त्याला कोणतंही साधन उत्तर देणार नाही.

रुग्णाची केसफाइल टाकून "यावर पेपर शोध" म्हटलं तर?

नाही. नाव, केसपेपर क्रमांक, गाव, तारखा, एक्स-रेवर छापलेलं नाव, यांतलं काहीही सार्वजनिक साधनात जाऊ नये. दुर्मीळ आजार आणि छोटं गाव एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो. आयसीएमआरची आरोग्यक्षेत्रातल्या एआयबद्दलची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं २०२३ ची आहेत, व्यक्तिगत विदा संरक्षण कायदाही त्याच वर्षीचा. शोधाला फाइल लागतच नाही. "पन्नाशीतली स्त्री, अमुक आजार, तमुक औषधाला प्रतिसाद नाही" एवढं पुरतं.

मी डॉक्टर नाही. आईच्या आजारावर एआयने पेपर दाखवले. औषध बदलून मागू का?

पेपर घेऊन डॉक्टरांकडे जा, पण निकाल सांगायला नव्हे, प्रश्न विचारायला. "हा अभ्यास आईच्या वयाच्या, आईसारख्या किडनीच्या रुग्णांवर झालाय का?" हा चांगला प्रश्न आहे. बहुतेक चाचण्यांत किडनीचा त्रास असलेले किंवा फार वयस्कर लोक घेतलेलेच नसतात. एक छापील पान न्या, दहा नकोत. ओपीडीत बाहेर रांग असते.

सोलापुरावर काहीच सापडलं नाही. म्हणजे संशोधन झालेलंच नाही का?

तसं लिहू नका. "आम्हाला या या संग्रहांत, या शब्दांनी सापडलं नाही" असं लिहा. अनेक भारतीय नियतकालिकं पबमेडमध्ये नाहीत. एमडी-एमएसचे जुने थिसिस कपाटांत बांधून ठेवलेले आहेत, ते कोणत्याही एआयने वाचलेले नाहीत. गूगल स्कॉलर पाहा, पीएचडीसाठी शोधगंगा पाहा, आणि चालू असलेल्या किंवा न छापलेल्या चाचण्यांसाठी २००७ पासून चालणारी सीटीआरआय ही भारतीय नोंदवही पाहा. तुमच्याच थिसिसमध्ये उपचाराची चाचणी असेल तर तिथली नोंद पहिला रुग्ण घेण्याआधी करावी लागते. एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंद होत नाही. आणि विभागातलं ते कपाट उघडायला सांगा. किल्ली बहुधा ऑफिसमधल्या क्लार्ककडे असते.

कालचा प्रश्न आज विचारला तर वेगळे लेख आले. आता काय लिहू?

असं होणारच. संग्रह रोज वाढतो, मॉडेल न सांगता बदलतं आणि उत्तरात थोडी यादृच्छिकता असतेच. म्हणून एआयचा शोध हा मुख्य शोध म्हणून मांडू नका. मुख्य शोध पबमेडचा, शब्दांसकट आणि तारखेसकट, परिशिष्टात. एआयने दिलेले जादा लेख "इतर मार्गांनी मिळालेले" या रकान्यात. प्रश्न विचारल्या दिवशीच तारीख, साधनाचं नाव, प्रश्नाचा पूर्ण मजकूर आणि आलेल्या लेखांची यादी एका फाइलमध्ये चिकटवून ठेवा. स्क्रीनशॉट नको, मजकूर ठेवा. स्क्रीनशॉटमधून पुढे शोधता येत नाही.